देशाचं सामाजिक शास्त्रांतलं संशोधन मोजतात कसं, आणि त्या मापात मराठवाडा कुठं बसतो?

मांजराकाठ

नमस्कार मंडळी,

'भारत संशोधनात जगात तिसरा' ही बातमी वरचेवर येते, व्हॉट्सअॅपवर तर येतेच येते. बातमी खोटी नाही. अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या मोजणीत चीन, अमेरिका आणि मग आपण असाच क्रम आहे. पण तो सगळा गठ्ठा एकत्र धरून. त्यात इंजिनिअरिंग, कॉम्प्युटर, केमिस्ट्री, मेडिकल यांचाच भरणा, आपलं अर्थशास्त्र, समाजशास्त्र, राज्यशास्त्र, भूगोल कुठंतरी तळाला. मी लातूरकडं एका सीनियर कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो, नॅकची (कॉलेजांना दर्जा देणारी संस्था) फाइल भरताना रिसर्चचा रकाना आला की स्टाफरूममधी काय सुरू होतं ते इथल्या प्राध्यापक मंडळींना सांगायला नको.

तर प्रश्न असा की एखाद्या देशानं सामाजिक शास्त्रांत किती काम केलं आणि बाहेरच्या जगानं त्याची किती दखल घेतली हे मोजतात कसं, आणि ते माप आपल्यासारख्यांना लागू पडतं का?

माझ्या डोक्यातलं उदाहरण सांगतो. सोलापूर जिल्ह्यातलं शिरापूर, म्हणजे आपल्या धाराशिवच्या शेजारचाच मुलूख. हैदराबादजवळ पाटणचेरूला इक्रिसॅट ही कोरडवाहू शेतीवर काम करणारी आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था आहे, त्यांनी १९७५ पासून शिरापूर, अकोल्याकडचं कंझारा, तेलंगणातलं औरेपल्ली अशा गावांत माणसं ठेवून घराघराचे हिशोब लिहून घेतले. कोणी काय पेरलं, किती झालं, कोणाकडून उसनं घेतलं, सगळं. वर्षानुवर्षं. त्या आकड्यांवर रॉबर्ट टाउनसेंड या अमेरिकन अर्थतज्ज्ञानं १९९४ ला इकॉनोमेट्रिका या जर्नलमधी पेपर लिहिला, की एखाद्या घराचं पीक बुडालं तरी त्या घराचं खाणंपिणं तेवढं बुडत नाही, ते बरंचसं गावाच्या सरासरीसोबत चालतं, म्हणजे माणसं एकमेकांना कुठंतरी सावरून घेतात. पूर्ण नाही, पण अंदाजापेक्षा बरंच. विकासाचं अर्थशास्त्र जगात जिथं जिथं शिकवतात तिथं हा पेपर वाचायला लावतात.

आता गाव आपल्याकडचं, पाऊस आपल्याकडचा, हिशोब सांगणारी माणसं आपली, आणि पेपर जमा झाला अमेरिकेच्या खात्यात कारण लेखकाचा पत्ता शिकागोचा. त्यांनी काम जबरदस्त केलंय, त्याबद्दल तक्रार नाही. माझं म्हणणं एवढंच की आपला भाग हा विषय म्हणून जगाच्या जर्नलांत दिसतो, पत्ता म्हणून फार कमी दिसतो, आणि ज्या आकड्यांनी देशाची मोजणी होते त्यांना हा फरक दिसतच नाही.

जाणकारांनी लिहावं. राजकारण नको, नाहीतर धागा भरकटतो.

कोरडवाहू

पहिला नंबर! राजकारण नको म्हणता आणि सामाजिक शास्त्रावर धागा काढता सर, अवघडय.

कार्ड_कॅटलॉग

चांगला धागा. मी ग्रंथालयात असल्यामुळं यातलं यंत्र कसं चालतं ते सांगतो, मत नंतर.

सगळ्याची सुरुवात यूजीन गारफिल्ड या माणसापासून होते. फिलाडेल्फियात त्यांची संस्था होती, तिनं १९६४ ला सायन्स सायटेशन इंडेक्स काढला आणि १९७३ ला त्याचा सामाजिक शास्त्रांचा भाऊ, सोशल सायन्सेस सायटेशन इंडेक्स, ज्याला सगळे एसएससीआय म्हणतात. कल्पना साधी होती, कोणत्या लेखानं कोणत्या लेखाचा हवाला दिला त्याची यादी करत जायची. मूळ उद्देश शोध घेणाऱ्याला मदत व्हावी हा, देशांची शर्यत लावणं हा नव्हता. ते सगळं आता वेब ऑफ सायन्स म्हणून क्लॅरिव्हेट कंपनीकडं आहे. एसएससीआयमधी साधारण साडेतीन हजार जर्नल्स. दुसरा डेटाबेस एल्सव्हियरचा स्कोपस, २००४ चा, तो जरा रुंद आहे. त्याच वर्षी गुगल स्कॉलर आलं, ते जे दिसेल ते उचलतं, चाळणी नाही.

देशाचं उत्पादन मोजायचं म्हणजे या डेटाबेसात लेखकाच्या पत्त्यात 'इंडिया' असलेले लेख मोजायचे. इथंच पहिली गंमत. समजा एका लेखाला चार लेखक, एक नांदेडचा आणि तीन लंडनचे. पूर्ण मोजणी केली तर भारताला एक, ब्रिटनला पण एक. वाटून मोजलं तर भारताला पाव आणि ब्रिटनला पाऊण. दोन्ही पद्धती वापरात आहेत आणि कोणती वापरली हे बातमीत कधी लिहीत नाहीत. आरोग्याच्या त्या ग्लोबल बर्डन ऑफ डिसीजच्या पेपरांना शेकड्यानं लेखक असतात, पूर्ण मोजणीत त्यातल्या प्रत्येक देशाला अख्खा पेपर मिळतो. देशाचा आकडा अचानक फुगलेला दिसला की आधी हे बघावं.

दुसरं म्हणजे दखल. नुसते सायटेशन मोजून चालत नाही कारण मेडिकलमधी धडाधड हवाले देतात आणि इतिहासात एखाद्या लेखाला दहा वर्षांनी वाचक भेटतो. म्हणून त्याच विषयातल्या, त्याच वर्षातल्या, त्याच प्रकारच्या लेखांच्या जागतिक सरासरीनं भागतात. जगाची सरासरी १ धरली आणि तुमच्या देशाचा आकडा दीड आला तर तुम्ही सरासरीच्या दीडपट. पण सरासरीला एखाददुसरा तुफान गाजलेला लेख ओढून वर नेतो, त्यामुळं अलीकडं दुसरी पद्धत जास्त चालते, देशाच्या लेखांपैकी किती टक्के लेख आपापल्या विषयातल्या वरच्या दहा टक्क्यांत बसतात ते बघायचं. हॉलंडच्या लायडन विद्यापीठाच्या रँकिंगमधी हेच मुख्य माप आहे. त्या रँकिंगमधी धरतात ते लेख मात्र इंग्रजीतलेच, हे ध्यानात ठेवा.

इम्पॅक्ट फॅक्टर हा देशाचा किंवा माणसाचा नाहीच, तो जर्नलचा आहे, म्हणजे त्या जर्नलच्या लेखांना सरासरी किती हवाले मिळाले ते, आणि तो दोन वर्षांच्या खिडकीतून काढतात. समाजशास्त्रात दोन वर्षांत लेख छापून वाचून त्यावर दुसऱ्यानं लिहून ते छापून येणं म्हणजे कठीणच.

तुरीच्या_शेंगा

काका खूप सोप्पं सांगितलं. सेव्ह करून ठेवलंय.

कोरडवाहू

कार्ड_कॅटलॉग काकांनी जगाचं सांगितलं, आता इथलं ऐका. जगात इम्पॅक्ट फॅक्टरला लोक नावं ठेवायलेत आणि आमच्या यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत पेपरच्या मार्कांचा तक्ता बघा, सामाजिक शास्त्राला एका पेपरचे १० मार्क, आणि जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर जसा वाढंल तशी वर भर, दहाच्या वर असंल तर ३०. आमच्या विषयात दहाच्या वरचे जर्नल शोधायला दुर्बीण लागंल हो. मग माणूस काय करतो? वरचे तीस मिळत नाहीत तर खालचे दहा-दहा गोळा करतो.

आणि ते कसे गोळा करतात ते सगळ्यांना माहीत हाय. राष्ट्रीय परिसंवाद म्हणायचं, उद्घाटनाला दोन तास हारतुरे, जेवणात गुलाबजाम, सगळ्यांचे पेपर 'विशेषांकात', एकाच अंकात ज्ञानेश्वरीतला भक्तिभाव, ड्रॅगन फ्रूटची लागवड, जीएसटी आणि झिंक ऑक्साइडचे नॅनोकण. पैसे भरा, आठ दिवसात सर्टिफिकेट. वर लिहिलेलं 'इंटरनॅशनल', कारण आयएसएसएन आहे. अरे आयएसएसएन म्हणजे नुसता नंबर, पॅरिसच्या केंद्राच्या पद्धतीनं कोणत्याही नियतकालिकाला मिळतो, त्यात दर्जाचा काय संबंध?

यूजीसीनंच २०१८ च्या मे महिन्यात आपल्या यादीतून ४,३०५ जर्नल्स एका फटक्यात काढली. त्याच वर्षी करंट सायन्समधी भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला होता, विद्यापीठांनी सुचवलेल्या जर्नलांपैकी त्यांनी जी तपासली त्यातली ८८ टक्क्यांच्या वर हलक्या दर्जाची निघाली. सुचवणारं कोण? विद्यापीठंच. मग केअर यादी, म्हणजे मान्य जर्नलांची नवी यादी आली, तिचं काम पुण्याच्या विद्यापीठात चालायचं, ती पण २०२५ च्या फेब्रुवारीत बंद केली आणि आता म्हणतात निकष देतो, तुमचे तुम्ही ठरवा. ज्यांनी आधी ८८ टक्के कचरा सुचवला त्यांनाच परत ठरवा म्हणायलेत. चालू द्या.

तर सर, देशाचं आउटपुट मोजताना हे सगळं मोजलं तर आपण जगात पहिले येऊ बघा.

मांजराकाठ

कोरडवाहू, तुमचा गुलाबजाम वाला परिच्छेद स्टाफरूमच्या ग्रुपवर टाकू का?

कोरडवाहू

टाका की. पण माझं नाव सांगू नका, प्रमोशनची फाइल वर गेलीय.

उदगीरची_लेक

मी सध्या युरोपात पीएचडी करतेय, विषय याच्याशी जवळचाच आहे, त्यामुळं राहवेना. आधीच सांगते, मोठा प्रतिसाद आहे.

डायना हिक्स यांनी २००४ मध्ये एक मांडणी केली होती ती मला अजूनही सगळ्यात उपयोगी वाटते. सामाजिक शास्त्रांचं लेखन एका जागी नसतं, चार जागी असतं. एक आंतरराष्ट्रीय जर्नलांतले लेख. दुसरी पुस्तकं. तिसरं देशातल्या देशात, देशाच्या भाषेत छापलेलं. आणि चौथं जे विद्वानांसाठी नसतंच, वर्तमानपत्र, अहवाल, सामान्य वाचकासाठी लिहिलेलं. डेटाबेस पहिली जागा नीट पकडतात, पुस्तकं अर्धवट (वेब ऑफ सायन्सचा पुस्तकांचा इंडेक्स २०११ ला आला, म्हणजे एसएससीआयच्या जवळजवळ चाळीस वर्षांनी), तिसरी जागा थोडीशी, आणि चौथी अजिबात नाही. फिजिक्सला याचा फारसा फरक पडत नाही कारण इलेक्ट्रॉन सगळीकडं सारखाच आणि वाचक पण तेच. पण मराठवाड्यातल्या पाणीवाटपावर लिहिलेलं सगळ्यात जास्त कोणाला लागतं? इथल्या माणसाला. तो वाचतो मराठी.

आता यावर दोन देशांनी काय केलं ते बघण्यासारखं आहे.

नॉर्वे. तिथं त्यांनी डेटाबेसवर विसंबून न राहता देशातल्या सगळ्या संस्थांचं सगळं लेखन एका राष्ट्रीय नोंदणीत घेतलं, नॉर्वेजियन भाषेतलं पण, पुस्तकं पण. मग जर्नलं आणि प्रकाशक दोन पातळ्यांत लावले, पहिल्या पातळीच्या लेखाला १ गुण, दुसऱ्या पातळीच्या लेखाला ३, पुस्तकाला ५ किंवा ८. पातळी ठरवायला त्या त्या विषयाच्या लोकांच्या समित्या. दुसऱ्या पातळीत सगळं घुसवता येत नाही, एकूण लेखनाच्या साधारण पाचवा भागच तिथं बसला पाहिजे असं बंधन. फिनलंड, बेल्जियमचा डच भाषिक भाग यांनी पण अशाच धर्तीवर केलं. म्हणजे आपल्या भाषेतलं लेखन मोजायचं आणि चाळणी पण ठेवायची हे जमतं, अशक्य नाही.

ऑस्ट्रेलिया. नव्वदच्या दशकात तिथं विद्यापीठांचा काही निधी पेपरांच्या संख्येशी बांधला. लिंडा बटलर यांनी २००३ मध्ये दाखवलं की पेपर वाढले, पण वाढ जास्त करून कमी दर्जाच्या जर्नलांत झाली आणि दखलीत देश घसरला. हे उदाहरण सगळे देतात. पण पुढं २०१७ ला काही संशोधकांनी तोच काळ परत तपासला आणि म्हणाले की नाही, दर्जा घसरला नव्हता, उलट सुधारला. वाद मिटलेला नाही, त्यामुळं 'मोजलं की कचरा वाढतोच' हे कोरडवाहूदादांच्या अनुभवाला धरून असलं तरी सगळीकडचा नियम म्हणून सांगू नये.

चीननं तर २०२० मध्ये पेपरमागं रोख बक्षीस द्यायची पद्धत बंद करा असं विद्यापीठांना सांगितलं. चीनचं आणखी एक, त्यांचा स्वतःचा सामाजिक शास्त्रांचा सायटेशन इंडेक्स आहे, नानजिंग विद्यापीठाचा, चिनी भाषेतल्या जर्नलांचा. ब्राझीलनं नव्वदच्या दशकाच्या शेवटी सायेलो सुरू केलं, पोर्तुगीज आणि स्पॅनिश जर्नलं फुकट वाचायला मोकळी. आपल्याकडं इंडियन सायटेशन इंडेक्स आहे पण त्याचं नाव किती जणांनी ऐकलंय सांगा.

आता मांजराकाठ सरांच्या प्रश्नाचं. तुम्ही म्हणता तो फरक आकड्यांत दिसू शकतो, बघायचं ठरवलं तर. ईव्ह जँग्रा आणि एका सहकाऱ्यानं १९८० ते २००९ असा तीस वर्षांचा सामाजिक शास्त्रांचा डेटा बघितला होता. बाकीच्या जगातून पेपर वाढले, परदेशी लोकांसोबत मिळून लिहिणं वाढलं, पण हवाले देताना बाकीचं जग उत्तर अमेरिका आणि युरोपकडंच जास्त जास्त बघायला लागलं. म्हणजे आपलं उत्पादन वाढलं आणि आपलं एकमेकांकडं लक्ष कमी झालं. नांदेडचा माणूस लंडनचा हवाला देतो, परभणीच्या माणसाचा देत नाही, परभणीच्या माणसानं त्याच तालुक्यात काम केलेलं असलं तरी. मला हे पेपरांच्या संख्येपेक्षा जास्त झोंबतं.

मांजराकाठ

> नांदेडचा माणूस लंडनचा हवाला देतो, परभणीच्या माणसाचा देत नाही

ताई, हे लईच वर्मी लागलं. पण त्याचं कारण पण सांगतो, परभणीच्या माणसाचा पेपर मिळतच नाही. तो त्या विशेषांकात असतो आणि विशेषांक त्याच्या कपाटात. लंडनचा आता वन नेशन वन सबस्क्रिप्शनमुळं कॉलेजात बसून उघडतो, सहा हजार कोटी खर्चून तेरा हजार जर्नलं खुली केलीत सरकारनं. चांगलंच केलं. पण आपलंच लिहिलेलं आपल्याला मिळावं म्हणून त्यातला चिल्लर तरी बाजूला काढायला पाहिजे होता.

कार्ड_कॅटलॉग

शोधगंगा आहे की. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटची. प्रबंध तरी मिळतात तिथं, मराठीतले पण. फक्त स्कॅन केलेल्या मराठी पानात शब्द शोधता येत नाही, आणि शीर्षक रोमन लिपीत कोणी कसंही टाइप केलेलं असतं. शंभर प्रबंधांवर शंभर लोक राबले आणि शोधताना दहा सापडतात. डायना हिक्स यांच्या तिसऱ्या जागेतली आपली बाजू सगळी इथं अडकलीय.

तुरीच्या_शेंगा

मी काही प्राध्यापक नाही, शेती करतो आणि थोडं वाचतो. तुमच्यात मधीच बोलतो, पण तुम्ही सगळे 'दखल' म्हणता ती एका विद्वानानं दुसऱ्या विद्वानाची घेतलेली. मला एक सांगा, वि. म. दांडेकरांच्या सत्यशोधन समितीचा १९८४ चा अहवाल कोणत्या इंडेक्समधी आहे? त्यात जिल्ह्याजिल्ह्याचा अनुशेष, म्हणजे कोण विकासात किती मागं पडलंय ते काढलं होतं, सिंचनाचा, रस्त्याचा, विजेचा, शाळांचा, सगळा मिळून ३,१८६ कोटींच्या वर. त्याच्यावर पुढची कित्येक वर्षं विधानसभेत भांडणं झाली, १९९४ ला वैधानिक विकास मंडळं आली, मग २०१३ ला केळकर समितीचा अहवाल आला तो पण त्याच वाटेनं. आमच्या वडलांना अर्थशास्त्र येत नव्हतं पण अनुशेष हा शब्द येत होता, चहाच्या टपरीवर त्यावर वाद घालायचे. सामाजिक शास्त्राचा याच्यापेक्षा मोठा परिणाम कोणता पाहिजे?

हे मोजायचं म्हणलं तर मोंढ्यातला तोल काटा कामाचा नाही, सोयाबीनचं वजन सांगंल, त्यात ओल किती हाय ते सांगत नाही.

उदगीरची_लेक

तुरीच्या_शेंगा काका, तुम्ही जे म्हणता ते मोजायचा प्रयत्न ब्रिटननं केला. २०१४ च्या त्यांच्या आरईएफ नावाच्या मूल्यमापनात विद्यापीठांना सांगितलं की तुमच्या संशोधनामुळं विद्यापीठाबाहेर काय बदललं ते पुराव्यासकट लिहून द्या. ६,९७५ केस स्टडी आल्या. त्या भागाला २० टक्के वजन होतं, २०२१ ला २५ केलं. त्याचे पण तोटे आहेत, लोक केस स्टडी लिहायला माणसं नेमायला लागले, आणि परिणाम सोपा दिसतो तेच विषय पुढं येतात. पण दांडेकर समितीसारखं काम त्यात पहिल्या रांगेत बसलं असतं.

आणि गंमत बघा, दांडेकर आणि नीळकंठ रथ यांचं गरिबीवरचं १९७१ चं काम ईपीडब्ल्यूत (इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली) छापून आलं होतं, मुंबईतून निघणाऱ्या साप्ताहिकात, आणि ते जगभर वाचलं गेलं. म्हणजे एकाच माणसाचं एक काम हवाल्यांत दिसतं आणि दुसरं अजिबात नाही.

विद्यापीठ_गेट

इथं सगळे मराठी आणि स्थानिक याच बाजूनं बोलायलेत, मला थोडं वेगळं म्हणायचंय. राग मानू नका.

मी संभाजीनगरला विद्यापीठात समाजशास्त्रात आहे. 'आपल्या माणसांच्या समित्या जर्नलांची पातळी ठरवतील' हे नॉर्वेत ठीक आहे. आपल्याकडं त्या समितीत कोण बसणार, हे इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. कोणाचा लेख घ्यायचा, कोणाचा दाबायचा, गाइड कोणाचा, गाव कोणतं, जात कोणती. बाहेरच्या जर्नलला माझं आडनाव कळत नाही, कळलं तरी त्यांना त्यातून काही समजत नाही. माझ्यासारख्यासाठी ते इंग्रजी जर्नल नुसतं मार्कांसाठी नाही, ती इथल्या गटबाजीला वळसा घालून जायची वाट आहे.

नामांतराचंच बघा. २७ जुलै १९७८ ला मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा विधिमंडळात ठराव झाला आणि नंतर गावोगाव दलित वस्त्यांवर हल्ले झाले. त्याचा सविस्तर अहवाल अत्याचार विरोधी समितीनं केला आणि तो १९७९ ला ईपीडब्ल्यूत छापून आला. त्यामुळं ते इंग्रजीत नोंदलं गेलं आणि पुढं देशोदेशीच्या अभ्यासकांनी त्याचा आधार घेतला. त्या वेळी आपल्याच काही वर्तमानपत्रांत काय छापून येत होतं ते जुने अंक काढून वाचा. मला कोणी सांगू नये की स्थानिक भाषेतलं म्हणजे आपोआप स्थानिक माणसाच्या बाजूचं.

अस्मितादर्शसारखं दलित साहित्याचं नियतकालिक इथूनच निघालं, गंगाधर पानतावण्यांनी एवढी वर्षं चालवलं, मराठीत, आणि ते कोणत्या इंडेक्समधी नसलं म्हणून त्याचं मोल कमी झालं नाही हे मान्यच. पण ते चालवणारा माणूस तसा होता. यंत्रणा उभी करताना प्रत्येक खुर्चीवर तसा माणूस बसंल असं धरून चालता येत नाही.

कोरडवाहू

+१००. समितीवर जे लोक बसतील त्यांची यादी मी आत्ताच लिहून देऊ शकतो.

मांजराकाठ

विद्यापीठ_गेट, चांगला मुद्दा काढलात. मी धागा काढताना इंग्रजी जर्नल म्हणजे नुसतं माप असं धरून चाललो होतो, तुमच्यासाठी ती वाट आहे, हे निराळं. पण एक शंका राहतेच. त्या वाटेनं जाताना विषय बदलतो का? म्हणजे बाहेरच्या संपादकाला 'मराठवाड्यातली ऊसतोड' असं लिहिलं तर तो म्हणतो यात थिअरी काय, आमच्या वाचकाला काय? मग आपण शीर्षकातून मराठवाडा काढतो, 'ग्लोबल साउथमधलं स्थलांतर' टाकतो. अमेरिकेतला माणूस ओहायोतल्या एका गावावर लिहितो तेव्हा त्याला कोणी विचारत नाही की ओहायो कुठं आलं.

विद्यापीठ_गेट

हो, बदलतो. खोटं कशाला बोलू. माझ्या पेपरमधून तालुक्याचं नाव रिव्ह्यूत गेलं, 'अ ड्राउट प्रोन ब्लॉक' झालं. त्याबद्दल राग आहेच. लायडन मॅनिफेस्टो म्हणून २०१५ चं एक निवेदन आहे, नेचरमधी छापलेलं, त्यात दहा तत्त्वं आहेत आणि तिसरंच तत्त्व आहे की स्थानिक महत्त्वाच्या संशोधनातली गुणवत्ता जपा. त्याच्या पहिल्या लेखिका परत डायना हिक्सच. तेव्हा हे बाहेरच्यांना कळत नाही असं नाही. तरी मला दोन वाईटांतून निवडायला सांगितलं तर तालुक्याचं नाव गेलेलं परवडलं, पेपर दाबलेला नाही परवडत.

तुरीच्या_शेंगा

ऊसतोडीवरून आठवलं, बीडकडच्या ऊसतोड बायांच्या गर्भपिशव्या काढल्याचा विषय २०१९ ला गाजला, समिती बसली. ते आधी बायांमधी काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी आणि पत्रकारांनी लावून धरलं होतं. त्याच्यावर आता परदेशी जर्नलात पेपर येत असतील. पेपरच्या खाली ज्या बायांनी सांगितलं त्यांचं तर नाहीच, ज्या पोरींनी फिरून फॉर्म भरले त्यांचं तरी नाव असतं का?

उदगीरची_लेक

आभारात, शेवटी. बहुतेक वेळा 'आमच्या फील्ड टीमचे आभार' एवढंच. पत्त्यावरून मोजणी होते आणि पत्ता फक्त लेखकाचा असतो, त्यामुळं काका, तुमच्या प्रश्नाचं उत्तर आकड्यात कधीच येणार नाही. माझ्या मते भारतानं दुसरं काही करायच्या आधी एवढी एकच गोष्ट करावी: जो परदेशी प्रकल्प इथं सर्व्हे करील त्यात इथली संस्था भागीदार पाहिजे आणि सर्व्हे उभा करणारा माणूस सहलेखक पाहिजे. इक्रिसॅटचे आकडे खुले आहेत म्हणून कोणीही वापरू शकतो, ही त्यातली चांगली बाजू. शिरापूरचा डेटा आज लातूरचा विद्यार्थी पण डाउनलोड करू शकतो.

मांजराकाठ

कोणी केलाय का? माझ्या कॉलेजात तरी नाही. यंदा एमएच्या पोरांना लावतो.

आणि एक करून बघूया का सगळे मिळून? स्कोपसमधी दोन याद्या काढायच्या. एक, शीर्षकात किंवा गोषवाऱ्यात मराठवाडा किंवा आपल्या जिल्ह्यांची नावं असलेले सामाजिक शास्त्रांतले लेख. दोन, त्यातले लेखकाचा पत्ता मराठवाड्यातला असलेले. पहिल्यात दुसरे किती, एवढंच. मग बोलायला काहीतरी हातात राहील.

कार्ड_कॅटलॉग

करू, माझ्याकडं लॉगिन आहे. पण सर नावांचा घोळ आधी समजून घ्या नाहीतर आकडा चुकीचा येणार. आपलं विद्यापीठ १९९४ आधी नुसतं 'मराठवाडा युनिव्हर्सिटी', नंतर बाबासाहेबांचं नाव लागलं, काही जण नुसतं 'बामू' लिहितात. नांदेडचं स्वारातीम (स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ) वेगळं, त्याची पण दोन-तीन रूपं. परभणीच्या कृषी विद्यापीठाला नंतर वसंतराव नाईकांचं नाव लागलं. तुळजापूरला टिसचं (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) कॅम्पस आहे, तिथल्या लोकांचे काही पेपर मुंबईच्या पत्त्यावर जमा झालेले असू शकतात. औरंगाबाद आणि संभाजीनगर, उस्मानाबाद आणि धाराशिव, दोन्ही दोन्ही टाकावं लागेल.

विद्यापीठ_गेट

आणि औरंगाबाद बिहारमधी पण आहे, तिथले वगळा. मी हातानं बघून देतो, माझ्याकडं सोडा ती यादी.

कोरडवाहू

बीडची स्पेलिंगं पण तीन हाईत काका. डबल ई वालं, नुसत्या आय वालं, आणि जुन्या कागदात बी एच आय आर.

कार्ड_कॅटलॉग

आय वालं टाकून बघितलं आत्ता. लिलाव आणि टेंडरच्या बोलीवरचे जगभरातले सगळे पेपर आले. त्याच्यासोबत 'डिस्ट्रिक्ट' आणि 'महाराष्ट्र' जोडावं लागणार. रविवारपर्यंत पहिली यादी टाकतो इथं, कोणाला डबल चेक करायचं असेल तर व्यनि करा.